छत वक्र असते. पण कोणत्या बाजूला?

सभागृहाचे छत वक्र ठेवतात आणि त्यामुळे आवाज परावर्तित होऊन सगळ्या श्रोत्यांपर्यंत पोचतो, अशा अर्थाचे वाक्य तुम्ही ध्वनीच्या धड्यात वाचले असेल. ‘शास्त्रीय कारणे द्या’ या प्रश्नात ते हमखास येते आणि गुणही देऊन जाते. माझे म्हणणे असे, की हे वाक्य अर्धे आहे, आणि उरलेला अर्धा भाग न सांगितल्यामुळे होणारे नुकसान परीक्षेच्या बाहेर होते. गावोगाव शाळांची सभागृहे, सांस्कृतिक भवने, मंगल कार्यालये उभी राहतात. त्यांचे छत ठरवणारी मंडळी अशाच शाळांतून शिकलेली असतात आणि ‘वक्र म्हणजे चांगले’ एवढेच त्यांच्या लक्षात राहिलेले असते. मग कोणी घुमट बांधतो, कोणी पत्र्याची अर्धगोल कमान चढवतो, आणि उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांचे भाषण तिसऱ्या रांगेतही नीट कळत नाही.

वक्र, हे ठीक. पण कोणत्या बाजूला वक्र? किती वक्र? आणि त्या छताकडून आपल्याला नेमके काय काम करून घ्यायचे आहे?

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या (पूर्वीचा अहमदनगर) बहुतेक मुलांनी एक वक्र छत आतून पाहिलेले असते. पाथर्डीच्या वाटेवर शाह डोंगरावर जी तिमजली अष्टकोनी इमारत दिसते, तिला सगळे चांदबीबीचा महाल म्हणतात; प्रत्यक्षात ती निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची कबर आहे, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. शाळेची सहल तिथे गेली की पहिले काम ठरलेले, आत शिरून आरोळी ठोकायची! पुढच्या वेळी आरोळी नको, एकच टाळी वाजवा आणि गप्प उभे राहून ऐका. टाळी संपते, पण तिचा आवाज घुमत राहतो. आता एका मित्राला आत उभे करून नेहमीच्या वेगाने वर्तमानपत्राचा उतारा वाचायला सांगा आणि तुम्ही भिंतीपाशी जा. आवाज भरपूर ऐकू येईल, शब्द मात्र एकमेकांत मिसळलेले येतील. आवाज पोचणे आणि शब्द पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाठ्यपुस्तकातल्या वाक्यात नेमका हाच फरक गाळलेला आहे.

असे का होते, हे समजायला नवे काही शिकावे लागत नाही. प्रकाशाच्या परावर्तनाचा धडा ध्वनीच्या धड्याशेजारी ठेवून वाचला की पुरे. खाली बसलेल्या माणसांच्या दृष्टीने घुमट हा अंतर्गोल आरसा आहे. वस्तू वक्रता केंद्रापाशी ठेवली तर प्रतिमाही तिथेच पडते, हे तुम्ही किरणाकृती काढून पाहिलेले आहे. छताची वक्रता त्रिज्या आणि छताची उंची जवळपास सारखी असली, तर वक्रता केंद्र माणसांच्या कानांच्या पातळीवर येते. मग बोलणाऱ्याचा आवाज छतावर आपटून पुन्हा त्याच्याच आसपास गोळा होतो. बोलणाऱ्याला वाटते, वा, काय दणदणीत हॉल आहे! बाजूच्या रांगांना मात्र छताकडून काहीच मदत होत नाही. काही जागी आवाजाचा ढीग आणि काही जागी दुष्काळ, अशी ही वाटणी असते.

पत्र्याच्या अर्धगोल छताचेही तेच. फरक एवढाच, की घुमट आवाज एका बिंदूपाशी गोळा करतो आणि लांबट कमान तो एका रेषेवर गोळा करते. सभागृहाच्या मधोमध, लांबीच्या दिशेने, ही रेषा पसरते. (पावसात पत्र्याचा जो ताशा वाजतो तो वेगळाच. आमचा जिल्हा पर्जन्यछायेतला म्हणून तो कमी वेळा वाजतो, एवढेच!)

म्हणजे वक्र छत कधीच नको, असे नाही. वक्रता त्रिज्या छताच्या उंचीच्या दुपटीहून अधिक असेल तर छत जवळजवळ सपाटच वागते. उलट ती उंचीच्या निम्म्याहून कमी असेल तर आवाज वरच, श्रोत्यांच्या डोक्यावर बऱ्याच उंचीवर एकवटतो आणि खाली येईपर्यंत पुन्हा फाकतो. धोका आहे तो या दोन्हींच्या मध्ये. आणि छताला खालच्या बाजूने फुगवटा दिला, म्हणजे ते श्रोत्यांकडे पाठ करून बसलेल्या परातीसारखे केले, तर काम आणखी सोपे होते. घाटातल्या वळणावर बहिर्गोल आरसा का बसवतात? लहान पृष्ठभागातून मोठा भाग दिसावा म्हणून. बहिर्गोल छत आवाजाच्या बाबतीत तेच करते, एका जागी गोळा न करता तो सगळीकडे फाकवते. ‘वक्र छत’ या एकाच शब्दात असे दोन उलट गुणधर्म लपलेले आहेत.

घुमटाची ही करामत आपल्या शेजारी, विजापूरला, जगप्रसिद्ध झाली. आदिलशाहीतला गोल घुमट सतराव्या शतकाच्या मध्याला बांधला गेला. त्याचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे. वरच्या सज्जात भिंतीला तोंड लावून केलेली कुजबुज पलीकडच्या बाजूला ऐकू येते आणि एक टाळी अनेक वेळा परत येते. पाहुण्यांना याचे कौतुक वाटते, आणि वाटावेच. पण जरा विचार करा, तिथे नाटकाचा प्रयोग लावला तर? प्रत्येक वाक्य अनेक वेळा ऐकावे लागेल. कबरीला जे शोभते ते नाट्यगृहाला चालत नाही.

ही चूक केवळ आपल्याकडेच होते असे समजू नका. लंडनचे रॉयल अल्बर्ट हॉल २९ मार्च १८७१ रोजी उघडले. लंबवर्तुळाकार सभागृह आणि वर प्रचंड घुमट. उद्घाटनाच्या भाषणापासूनच प्रतिध्वनीची तक्रार सुरू झाली. ब्रिटिश संगीतकाराला आपली रचना दोनदा ऐकायला मिळेल असे हे एकमेव ठिकाण, असा विनोद तिथे रूढ झाला. शेवटी १९६९ साली घुमटाखाली काचतंतूच्या मोठमोठ्या तबकड्या टांगल्या. आकारामुळे लोक त्यांना भूछत्रे म्हणू लागले. त्यांच्यामुळे आवाज घुमटात न जाता खालूनच परत फिरू लागला. म्हणजे सुमारे १०० वर्षांनी त्या लोकांनी काय केले? घुमटाखाली दुसरे छतच टांगले.

आता छताचे खरे काम काय, ते आकड्यांत पाहू. एक साधे सभागृह घ्या. नट रंगमंचावर उभा आहे, त्याचे तोंड जमिनीपासून अडीच मीटरवर. बसलेल्या श्रोत्याचे कान १.२ मीटरवर. छत सपाट, ८ मीटर उंचीवर. सपाट आरशात प्रतिमा जितकी आत, तितकी वस्तू बाहेर. म्हणून छतात नटाची प्रतिमा छताच्या साडेपाच मीटर वर, म्हणजे जमिनीपासून साडेतेरा मीटरवर पडेल. पायथागोरसच्या प्रमेयाने अंतरे काढा. २० मीटर दूर बसलेल्या श्रोत्याला सरळ येणारा आवाज सुमारे २० मीटर चालतो, छतावरून येणारा सुमारे साडेतेवीस. फरक साडेतीन मीटरचा. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर छतावरचा आवाज सेकंदाच्या केवळ शंभराव्या भागाने उशिरा येतो. एवढा उशीर कानाला कळत नाही. सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत आलेले बोलण्याचे परावर्तन आपला कान मूळ आवाजातच जमा करतो. मागच्या रांगेतल्या माणसाला नट जवळ आल्यासारखा, मोठ्याने बोलल्यासारखा वाटतो. वीज नाही, यंत्र नाही, आणि आवाज वाढला!

आता तेच छत १४ मीटरवर न्या. मागच्या माणसाचा फरक सुमारे साडेअकरा मीटर होतो, तेही चालते. पण नटापासून अवघ्या ४ मीटरवर, पहिल्या रांगेत बसलेल्याचे काय? गणित करून पाहा, फरक २० मीटरच्या वर जातो. उशीर सेकंदाच्या विसाव्या भागाहून अधिक. उंच छताचा त्रास सर्वांत महाग तिकिटाच्या रांगेला आधी होतो, हे मला नेहमीच गमतीचे वाटत आले आहे.

याच आकृतीतून आणखी एक गोष्ट कळते, आणि ती सगळ्यांत महत्त्वाची आहे. ८ मीटर उंचीच्या छताचा नेमका कोणता भाग हे काम करतो? पहिल्या रांगेसाठी नटापासून पावणेदोन-दोन मीटरवरचा. शेवटच्या रांगेसाठी सुमारे ९ मीटरवरचा. म्हणजे सगळे श्रोते छताच्या पुढच्या अर्ध्या भागावर जगतात. मागचा अर्धा भाग या कामात नसतोच. आता तुमच्या ओळखीचे सभागृह आठवा. या पुढच्या भागात काय असते? झुंबर, पंख्यांची रांग, प्लास्टरची फुले, किंवा आवाज शोषणाऱ्या भोकाभोकांच्या चौकटी. जिथे कडक, गुळगुळीत, योग्य कोनात कललेला पृष्ठभाग हवा, तिथेच आपण शोभा करतो.

आवाजाबद्दल जगात वाखाणलेल्या दोन सभागृहांची छते कशी आहेत, ते पाहा. व्हिएन्नाचे म्युझिकफेराइन १८७० चे, अमेरिकेतले बोस्टन सिम्फनी हॉल १९०० चे. दोन्ही सभागृहे लांबट पेटीसारखी, आणि दोन्हींची छते सपाट! मात्र ती कोरी सपाट नाहीत, त्यांत खोलगट चौकटी आहेत, त्यामुळे आवाज थोडा विखुरतो. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रातले टाटा थिएटर १९८० साली उघडले. वास्तुशिल्पी फिलिप जॉन्सन आणि ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस या दोघांनी ते आखले. तिथले छत त्रिकोणी पैलू पाडल्यासारखे मोडत मोडत गेलेले आहे. भारतीय संगीत ध्वनिवर्धकाशिवाय ऐकता यावे हा त्यामागचा हेतू होता. घुमट या तिन्हींपैकी कुठेच नाही.

आता निनादाकडे वळू. बोस्टनच्या सभागृहाचे गणित करून देणारा वॉलेस सेबाइन हा हार्वर्ड विद्यापीठातला तरुण भौतिकीचा अध्यापक होता. १८९५ साली विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात कोणाला काही समजेना; उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. हे काम सेबाइनवर आले. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, थोड्या थोड्या करून मांडल्या आणि प्रत्येक वेळी ऑर्गनच्या नळीचा आवाज थांबल्यावर तो विरायला किती वेळ लागतो ते मोजले. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत जागेवर! त्यातून निघालेला नियम तुम्ही वहीत लिहून ठेवा. निनादकाल (सेकंदात) = ०.१६ × सभागृहाचे घनफळ (घनमीटर) ÷ एकूण शोषण (चौरस मीटर). शोषणाचे एकक त्याने उघड्या खिडकीवरून घेतले, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक एकक.

शाळेचे सभागृह २० मीटर लांब, १२ मीटर रुंद, ६ मीटर उंच आहे असे धरा. घनफळ १४४० घनमीटर. भिंती, जमीन आणि छत मिळून ८६४ चौरस मीटर. गिलावा आणि फरशी आपल्यावर पडलेल्या आवाजाचा शेकडा तीनच भाग शोषतात असे धरले, तर एकूण शोषण २६ च्या आसपास येते. निनादकाल जवळजवळ ९ सेकंद! २० चौरस मीटर खिडक्या उघडल्या की तो ५ सेकंदांवर येतो. आता ३०० मुले आत बसवा. प्रत्येक मूल, कपड्यांसह, सुमारे ०.४ चौरस मीटर उघड्या खिडकीइतके शोषण करते. निनादकाल सव्वा ते दीड सेकंदाच्या घरात. बोलण्यासाठी एक सेकंदाच्या आसपास असला की उत्तम, नाट्यसंगीताला थोडा अधिक चालतो. म्हणून रिकाम्या सभागृहात घेतलेली तालीम आणि भरलेल्या सभागृहातला प्रयोग यांत एवढा फरक पडतो. नट बिचारा आपल्या घशाला दोष देतो.

निनाद लांबला की मराठीचे काय होते, हे भाषेच्या शिक्षकांनीही पाहावे. आपण सेकंदाला चार-पाच अक्षरे सहज बोलतो. स्वर जोरकस असतात, व्यंजने दुबळी. आधीच्या स्वराचा निनाद पुढच्या व्यंजनावर बसला, की ‘पाट’, ‘पाठ’, ‘पात’ आणि ‘पाक’ यांत निवड करायची वेळ श्रोत्यावर येते. आवाज मोठा केला तर निनादही त्याच प्रमाणात मोठा होतो. म्हणून मी म्हणतो, की वाईट सभागृहात मोठे ध्वनिवर्धक लावणे म्हणजे गढूळ पाणी मोठ्या भांड्यात ओतणे. पाणी गढूळच राहते.

याच्या नेमकी उलट चूकही हल्ली पुष्कळ दिसते. निनादाची धास्ती घेऊन सगळे छत मऊ, शोषक चौकटींनी मढवून टाकतात. निनाद जातो, पण छताकडून मिळणारी ती फुकटची मदतही जाते. मग मागच्या रांगेला काही पोचत नाही आणि ध्वनिवर्धक घ्यावाच लागतो. शोषक माल लावायचाच तर तो मागच्या भिंतीवर आणि छताच्या मागच्या भागात लावावा. पुढचा भाग कडक ठेवावा. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. छत हे सभागृहाचे ‘झाकण’ आहे, अशी आपली समजूत. पाया, खांब, दर्शनी भाग, कोनशिला हे सगळे आधी ठरते. छताचा विचार शेवटी, उरलेल्या पैशांत, सजावट करणाऱ्या कारागिराच्या हाती सोपवला जातो. तो आपले काम चोख करतो. पण त्याला आवाजाबद्दल कोणी काही सांगितलेलेच नसते.

माझ्या मते कोणत्याही सार्वजनिक सभागृहाच्या नकाशाला मंजुरी देण्यापूर्वी दोन कागद मागावेत. एक, छताचा उभा छेद आणि त्यावर काढलेले ध्वनिकिरण. दुसरा, रिकाम्या आणि भरलेल्या सभागृहाच्या निनादकालाचे गणित. दोन्ही कागद दहावीचा चांगला विद्यार्थी एका दुपारी करू शकतो, हे तुम्ही आत्ताच पाहिले. मोठ्या नाट्यगृहाला तज्ज्ञ लागतोच, त्याला पर्याय नाही. पण तालुक्याच्या गावी, शाळेच्या आवारात, जिथे तज्ज्ञ कधीच येणार नाही, तिथे एवढ्यानेही घुमट टळेल. खर्च वाढेल अशी शंका काढणाऱ्यांना सांगा, की घुमटापेक्षा कललेले सपाट छत महाग पडत नाही.

नगरला हे मी जरा आग्रहाने सांगतो. प्रा. मधुकर तोरडमल इथल्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होते, सदाशिव अमरापूरकर इथलेच, राज्य नाट्य स्पर्धेचे केंद्र इथे असते, आणि संगमनेरच्या तमाशाच्या फडांनी पिढ्यानपिढ्या कापडी कनातीत, म्हणजे छताची काडीचीही मदत नसताना, हजारोंना ऐकवले आहे. ज्या जिल्ह्याने घशाच्या जोरावर एवढे केले, त्याला चांगले छत मिळाले तर काय होईल?

जुन्या नाट्यगृहांबद्दल आणखी एक. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली, पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिले. ध्वनिवर्धक यायच्या आधीच्या काळातली ती वास्तू. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री लागलेल्या आगीत ती जळाली. लाकूड, पत्रा, खुर्च्या हे सगळे पुन्हा आणता येते. पण एखादे सभागृह कसे वाजत होते, याची मापे ते उभे असतानाच घ्यावी लागतात. तुमच्या गावात जुने नाट्यगृह, जुने सभागृह असेल, तर ते काम तुम्ही करा. भौतिकीच्या प्रकल्पासाठी याहून चांगला विषय मला तरी सुचत नाही.

आलेखकागदावर सभागृहाचा उभा छेद काढा. एक मीटरला एक सेंटीमीटर पुरे. छताची उंची दोरी आणि फुग्याने मोजता येते, फुगा मात्र वायू भरलेला हवा. वक्ता जिथे उभा राहतो तिथून छताकडे पाच-सहा किरण काढा आणि ते कुठे उतरतात ते पाहा. छत कमानदार असेल तर किरण कुठे गर्दी करतात तिथे खूण करा, मग त्या जागी जाऊन खरोखरच ऐका. निनादासाठी फुगा फोडा किंवा लाकडाचे दोन ठोकळे एकमेकांवर आपटा आणि भ्रमणध्वनीवर मुद्रण करा. आवाज विरेपर्यंतचा वेळ त्यावरून काढता येतो. निदान पाच जागी मोजा. रिकामे असताना एकदा, प्रार्थनेला सगळे जमले असताना एकदा. तारीख, हजर मुलांची संख्या आणि उघड्या खिडक्यांचे क्षेत्रफळ शेजारी लिहून ठेवा. सेबाइनच्या नियमाने काढलेले उत्तर त्याच्याजवळ मांडा. दोन्ही जुळणार नाहीत. किती जुळत नाहीत आणि का, यावर सरांशी वाद घाला. आणि मुद्रण करताना पंखे बंद ठेवायला विसरू नका.